ईश्वराचा गौरव : ख्रिस्ती जीवनातील कृपा आणि सत्कर्मे

ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणसाचे तारण देवाच्या कृपेने होते, स्वतःच्या पुण्याईने नव्हे. मात्र कृपा लाभलेल्याच्या हातून सत्कर्मे घडावीत आणि ती पाहून लोकांनी देवाचा गौरव करावा, अशी अपेक्षा असते. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा क्रम स्पष्ट आहे : आधी कृपा, ती स्वीकारणारा विश्वास, आणि मग सत्कर्मे. याकोबाचे पत्र मात्र कृतीवाचूनच्या विश्वासाला निर्जीव ठरवते. या प्रश्नावर सोळाव्या शतकात मार्टिन लूथर आणि कॅथलिक चर्च यांच्यात मोठा वाद पेटला. १९९९ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे लूथरन (लूथरपंथी) व कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून मूलभूत मुद्द्यांवर सहमती नोंदवली.

व्यवहारातली अडचण वेगळीच आहे : श्रेय कोणाचे? मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू पाचव्या अध्यायात सत्कर्मे लोकांना दिसू द्या म्हणतो, तर सहाव्यात उजवा हात काय देतो हे डाव्यालाही कळू देऊ नका म्हणतो. दोन्ही वचने डोंगरावरील एकाच प्रवचनातली. कर्म दिसावे, कर्त्याने मिरवू नये, असा त्यांचा मेळ सहसा घातला जातो. ऐकायला सोपे, पाळायला अवघड. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या चर्चमध्येही असतात.

नाशिकमध्ये या शिकवणीची कसोटी लागली ती शरणपूरला. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवलेल्या या ख्रिस्ती वसाहतीत, अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा मिळाला. त्यांना अक्षरओळखीबरोबर सुतारकी, लोहारकी शिकवली जाई. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतील मोहिमेत सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेतच वारला, तेव्हा त्याचे हृदय तिथेच पुरताना वेनराइटने अंत्यविधीचा पाठ वाचला आणि झाडावर मृत्युलेख कोरला. सोबत्यांनी देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यावर आणला. पुढे वेनराइट शवपेटीसोबत इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटी धरणाऱ्यांत तो होता. मिशनच्या कामाला साम्राज्याचे पाठबळ होते आणि आश्रयाबरोबर धर्मही दिला जात होता, हे नजरेआड करता येत नाही. निराधाराला दिलेला घास कृपेचा की आमिषाचा, हा आक्षेप महाराष्ट्रात तेव्हापासून घेतला गेला. कृपा बिनशर्त असेल तर तिच्या नावाने केलेली मदतही बिनशर्तच हवी, हे त्यावरचे ख्रिस्ती सिद्धान्तातूनच निघणारे उत्तर.

नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण अधिक घरगुती आहे. कडक सोवळ्याच्या घरातून आलेल्या लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पती नारायण वामन टिळकांनंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. अनाथ मुलांना त्यांनी घरात घेतले, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे पुण्यकर्माचा आव न आणता, उलट स्वतःचीच थट्टा करत सांगितले. नारायण टिळकांनी देवाच्या स्तुतीसाठी अभंग, ओवी आणि कीर्तन हाताशी धरले. मराठी मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या समुदायांच्या, उपासनेत त्यांची गीते आजही म्हटली जातात.

मराठी मंडळ्यांत हंगामाच्या सणाला हा विचार डोळ्यांसमोर मांडलेला दिसतो. वेदीपुढे बाजरीची कणसे, कांदे, भोपळे, नारळ, एखादी पाय बांधलेली कोंबडीही असते. पाळकांची प्रार्थना झाली की लिलाव. बाजारात स्वस्त मिळणारा भोपळा इथे चढ्या बोलीने जातो, आणि घेणारा तो पुन्हा लिलावाला ठेवतो. पीक देवाने दिले, आपण त्यातला वाटा परत करतो, ही त्यामागची समजूत. बोली चढवताना थोडी चढाओढ होते, ती गोष्ट निराळी.

नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत इतर धर्मांचे लोकही येतात, मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात. नवसात देवाणघेवाण असते, कृपेत ती नसते. त्यामुळे धर्मशिक्षणात नवसफेडीपेक्षा कृतज्ञतेवर भर दिला जातो. भाविक बहुधा दोन्ही एकत्रच करतात.