ओल्ड कोर्सवर सोडत का लागते?

स्कॉटलंडला गोल्फ खेळायला जायचं ठरलं की सगळं वेळापत्रक एकाच मैदानाभोवती फिरायला लागतं : सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. विमान, हॉटेल, गाडी सगळं सहा-सहा महिने आधी पक्कं होतं. पण इथे खेळायची वेळ अनेकांना म्हाडाच्या घरासारखी सोडतीत लागते, तीही जेमतेम दोन दिवस आधी. आणि रविवारी खेळ बंद. त्या दिवशी गावकरी तिथे कुत्री फिरवतात.

कारण साधं आहे : जमीन गावाची आहे. समुद्र आणि शेतं यांच्यामधला हा वाळूचा पट्टा. तिकडे त्याला ‘लिंक्स’ म्हणतात. नांगराला निकामी, म्हणून मेंढरांना आणि खेळाला मोकळा. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाच्या संसदेने धनुर्विद्येचा सराव बुडतो म्हणून गोल्फवर बंदी घातली. पुढे १५०२ मध्ये त्याच्याच नातवाने, चौथ्या जेम्सने, गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या, त्याही स्कॉटलंडमधल्याच पर्थ गावच्या एका धनुष्य करणाऱ्याकडून! खजिन्याच्या हिशेबात ही खरेदी नोंदलेली आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने हा पट्टा हातचा घालवला आणि तिथे सशांची पैदास सुरू झाली. बिळांनी मैदानाची चाळण झाली. गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने जमीन घेऊन खेळ वाचवला. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती पुन्हा गावाची झाली. आजची सोडत त्या गावकीचीच शेपटी. बाकी, जगभर गोल्फचे डाव १८ होलचे (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा) असतात तेही इथलंच देणं : १७६४ मध्ये इथल्या २२ होलचे १८ झाले.

पण खेळायला परगावाहून माणसं येऊ लागली ती चेंडू आणि रेल्वेमुळे. जुना चेंडू म्हणजे चामड्याच्या खोळीत ठासून भरलेली उकडलेली पिसं. कसबी कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच व्हायचे. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून गट्टापर्चाचा चेंडू आला आणि खेळ मध्यमवर्गाच्या खिशाला परवडू लागला. १८५२ मध्ये सेंट अँड्र्यूजला रेल्वे पोचली. १८६० मध्ये स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकला ‘ओपन’ ही गोल्फची मोठी स्पर्धा पहिल्यांदा झाली : आठ खेळाडू, १२ होलचं मैदान, एकाच दिवसात तीन फेऱ्या. (हौस स्कॉटिश लोकांनी सोबत आपल्याकडेही आणली. नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानाला गावात अजून ‘गोल्फ क्लब’च म्हणतात, खेळतात मात्र क्रिकेट.)

मग रेल्वे कंपन्यांनीच डोकं चालवलं : मैदान आखायचं, शेजारी हॉटेल बांधायचं, म्हणजे गाड्या आपोआप भरतात. टर्नबेरीचं हॉटेल १९०६ चं, ग्लेनईगल्सचं १९२४ चं. आज सहलीच्या पत्रकांत ही नावं आलटून-पालटून दिसतात त्यामागे ही जुनी तिकीटविक्री आहे. माझा कल मात्र ईशान्य किनाऱ्यावरच्या क्रूडन बेकडे. तिथलं १८९९ चं रेल्वे हॉटेल पाडलं गेलं, रूळही उखडले. सेंट अँड्र्यूजचा नामांकित गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस याने आखलेलं, पुढे बरंच बदललेलं मैदान तेवढं वाळूच्या टेकड्यांत उरलंय. रेल्वेने मात्र आता तिथे जाता येत नाही.