हरवलेली व्यक्ती व अनोळखी मृतदेह

हरवल्याची नोंद असलेली व्यक्ती आणि अन्यत्र सापडलेला अनोळखी मृतदेह एकाच माणसाचा आहे, हे ठरवण्याची पोलिसी, वैद्यकीय व न्यायालयीन प्रक्रिया. एकाच मारेकऱ्याने निरनिराळ्या वेळी केलेल्या खुनांत ही ओळख बहुधा उशिरा, त्याला अटक झाल्यावरच पटते. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील पहिला बळी जानेवारी १९७६ मध्ये नाहीसा झालेला तरुण होता. त्याचा मृतदेह पेशवे उद्यानाच्या तळ्यातून निघाला तो १९७७ मध्ये, मारेकरी पकडले गेल्यानंतर.

ग्रामीण विदर्भात तरुण घरी परतला नाही, तर तो कामासाठी शहरात गेला असावा, असा तर्क आधी होतो. घरचे ठाण्यात ‘मिसिंग’ नोंदवतात. मृतदेह मात्र ज्या शिवारात, विहिरीत वा नाल्यात सापडतो, तिथल्या ठाण्यात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो. वर्धा नदी बऱ्याच अंतरापर्यंत जिल्ह्यांची सीमा आहे. त्यामुळे या दोन नोंदी दोन जिल्ह्यांत पडून राहणे सहज शक्य असते. गावातील संशयास्पद मृत्यूची खबर देण्याचे काम पोलीस पाटलाचे (महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७). मरणोत्तर चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई; १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते.

कपडे, करदोडा, गोंदण, पूर्वी मोडून जुळलेले हाड यांवरून पहिली ओळख पटवतात. कवटीच्या छायाचित्रावर हयातीतील छायाचित्र बसवून पाहण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने राम लोचन अहिर खटल्यात (१९६३) पुराव्यात ग्राह्य धरली. तरी ‘हा तो नव्हे’ हे सांगण्यास ती जितकी भरवशाची, तितकी ‘हाच तो’ हे सांगण्यास नाही, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. आता मांडीचे हाड किंवा दाढ यांतील डीएनए आई-वडिलांच्या नमुन्याशी ताडून पाहतात.

खरा वाद मृत्यूच्या वेळेचा आहे. हवेत एक आठवड्यात होणारी कुजण्याची प्रक्रिया पाण्यात दोन, तर जमिनीत आठ आठवडे घेते, हे जर्मन न्यायवैद्यक कॅस्परचे प्रमाण पाठ्यपुस्तकांत दिलेले असते. ते एकोणिसाव्या शतकातील बर्लिनच्या हवामानातले. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेथे उघड्यावरील देह काही दिवसांतच ओळखीपलीकडे जातो. उलट खोल विहिरीतील थंड पाण्यात तो अधिक टिकतो. पावसाळा मध्ये गेला असेल, तर केवळ हाडांवरून महिना सांगणेही धाडसाचे. म्हणून अहवालातील ‘अंदाजे तीन ते सहा महिने’ अशी मोघम भाषाच प्रामाणिक मानावी.

मारेकऱ्याच्या कबुलीने ही उणीव भरून निघत नाही. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात चालत नाही, तिच्यातून वस्तू वा देह हाती लागला, तर तेवढाच भाग चालतो (पूर्वीचे पुरावा अधिनियम, कलम २७, आता भारतीय साक्ष अधिनियम, कलम २३). त्याने दाखवलेली जागा ग्राह्य ठरते, सांगितलेली रात्र नाही.

देह सापडलाच नाही, तर सात वर्षे खबर नसल्यास मृत्यूचे अनुमान करता येते (पुरावा अधिनियम, कलम १०८, आता साक्ष अधिनियम, कलम १११). सात वर्षे भरली तोच दिवस मृत्यूचा धरावा, असा युक्तिवाद होत आला. परंतु एलआयसी विरुद्ध अनुराधा (२००४) या निकालाने अनुमान मृत्यूपुरतेच ठेवले, तारीख जो सांगतो त्यानेच सिद्ध करायची. विम्याचा हप्ता मधल्या काळात थकला असेल, तर दावा या तारखेवरच टिकतो किंवा बुडतो. सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवण्यासाठीही मृत्यूचा दाखला लागतो. ओळख पटेपर्यंत तो मिळत नाही आणि जमीन बेपत्ता माणसाच्याच नावे राहते.