थेंब बुडायला हवा

रक्तदान शिबिर. काचेच्या लहानशा ग्लासात निळंशार पाणी. बोट टोचून काढलेला रक्ताचा थेंब सिस्टरनी वरून अलगद सोडला. तो थोडा खाली गेला, मध्येच थबकला आणि हळूहळू वर येऊन तरंगत राहिला. "तुमचं नाही घेता येणार," असं म्हणून त्यांनी पुढचा फॉर्म ओढला.

माझी भाची, वय 19. सुईच्या धास्तीने रात्रभर झोपली नव्हती. सुटले बाई एकदाची, हा आनंद आणि सगळ्यांसमोर परत पाठवल्याचा अपमान, दोन्ही एकाच वेळी तिच्या तोंडावर. "मामा, म्हणजे मी नापास?"

ते निळं पाणी म्हणजे मोरचूद. द्राक्षबागेत आणि सुपारीच्या वाडीत फवारणीसाठी चुन्याबरोबर कालवतात, तोच. शिबिरात मात्र त्याचं द्रावण अगदी मोजून बनवलेलं असतं. त्याची घनता साध्या पाण्याच्या 1.053 पट ठेवतात. रक्तात हिमोग्लोबिन जितकं जास्त, तितकं रक्त जड. डेसिलिटरला 12.5 ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर थेंब 15 सेकंदांच्या आत तळ गाठतो. कमी असेल तर रेंगाळतो, नाहीतर तरंगतो. पण थेंब पाण्यात विरघळत का नाही? मोरचुदाला लागताच रक्तातल्या प्रथिनांचं आणि तांब्याचं एक पातळ कवच थेंबाभोवती तयार होतं. ते काही सेकंद टिकतं, आणि तेवढ्यात निकाल लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निघालेली ही युक्ती. वीज नको, यंत्र नको, खर्च जवळजवळ नाही, म्हणून आपल्याकडे अजून चालते.

या युक्तीत खोटही आहे. थेंबात हवेचा बुडबुडा अडकला तर चांगलं रक्तसुद्धा तरंगतं. रक्त येत नाही म्हणून बोट पिळपिळून काढलं, तर पेशींभोवतालचा पाणीदार द्रव त्यात मिसळतो आणि थेंब हलका होतो. म्हणून मी सिस्टरना म्हटलं, "मशीनवर एकदा बघता का?" त्यांनी पाहिलं. 12.1.

आता गंमत बघा. बाईला रक्तक्षय आहे असं म्हणायचं ते हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेल्यावर. म्हणजे भाचीला रक्तक्षय नाही. ती ठणठणीत आहे, फक्त द्यायला शिल्लक नाही. पगार घरखर्चाला पुरतो, पण उसने देण्याएवढा उरत नाही, त्यातला प्रकार. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायका रक्तक्षयाच्या रेषेखालीच निघाल्या. शिबिरात पुरुषांची रांग लांब आणि बायकांची आखूड का, याचं उत्तर पुष्कळदा भीतीत नसतं, त्या निळ्या ग्लासात असतं.

भीतीचा अनुभव मात्र माझ्या गाठीशी आहे. कॉलेजच्या जिमखान्यात शिबिर होतं. रक्त देऊन झालं, मी झोकात उठलो, बिस्किटांच्या टेबलापर्यंत गेलो, आणि तिथून पुढचं मला इतरांनी सांगितलं. घाम फुटला, जांभया आल्या, कानात समुद्रासारखा आवाज झाला, एवढंच मला आठवतं. पुढची दोन वर्षं माझं नाव "बेशुद्ध" होतं. वाईट याचं वाटायचं की मी काही सशाच्या काळजाचा नव्हतो. विहिरीत उडी मारायचो, रात्री स्मशानाच्या वाटेने सायकल हाणायचो.

धैर्याचा यात संबंधच नाही, हे फार उशिरा कळलं. साप दिसला की काळीज धडधडतं, रक्तदाब चढतो, पायात बळ येतं आणि माणूस पळतो. अशा भीतीत सहसा कुणी बेशुद्ध पडत नाही, कारण दाब वर जात असतो. रक्त, जखम आणि सुई यांची भीती मात्र जगावेगळी आहे. तिच्यातही सुरुवातीला दाब चढतो, पण मग एकदम उलट्या दिशेला घसरतो. व्हेगस नावाची नस मेंदूतून निघून हृदयापर्यंत येते. ती जणू ब्रेक दाबते, नाडी मंदावते. त्याच वेळी पायांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त खालीच साचतं. मेंदूला पुरवठा क्षणभर कमी पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कोसळतो. रक्तदानात तर शरीरातलं थोडं रक्त खरोखरच कमी झालेलं असतं, त्यामुळे ज्याला सुईचं काहीच वाटत नाही तोही पडू शकतो. वय कमी, वजन कमी, पहिलीच वेळ आणि रात्रीची झोप नाही, हे सगळं जुळून आलं तर शक्यता वाढते. शेजारच्या खाटेवरचा पडलेला पाहूनही पुढचे दोघे पडतात. कॉलेजच्या शिबिरांत हे हमखास दिसतं.

ही प्रवृत्ती घराण्यातही उतरते. माझी आई दवाखान्याच्या वासाने पांढरी पडायची. भाची कुणावर गेली, हे सांगायला नको.

पडलेल्या माणसाला चार जण काखेत हात घालून बसतं करायला धावतात. तेवढं करू नये. पडणं हाच त्यावरचा उपाय आहे. डोकं हृदयाच्या पातळीला आलं की मेंदूला रक्त मिळतं आणि मिनिटभरात डोळे उघडतात. आडवंच राहू द्यावं, पाय उशीवर उंच करावेत. कांदा हुंगवायची गरज नाही.

त्याहून बरं म्हणजे पडायचंच नाही. 1980 च्या दशकात स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऊस्त यांनी रक्ताला भिणाऱ्या माणसांसाठी एक साधी युक्ती बसवली. भीती वाटली की शरीर सैल सोडा, असं आपल्याला सगळे सांगतात. ऊस्त म्हणाले, नेमकं उलटं करा. हात, धड आणि पाय यांचे स्नायू घट्ट आवळा. 10-15 सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग सोडा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा आवळा. पायांचे स्नायू आवळले की त्यांच्यातल्या शिरा पिळल्या जातात आणि साचलेलं रक्त वर ढकललं जातं. पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ब्लेन डिट्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे थेट रक्तदात्यांवर तपासलं. ज्यांना शिकवलं होतं, त्यांना चक्करेचा त्रास कमी झाला. खाटेवर पडल्यापडल्या पायावर पाय टाकून हे करता येतं. सुईचा हात तेवढा सैल ठेवायचा आणि श्वास कोंडायचा नाही.

दुसरा उपाय याहूनही सोपा. सुई लागण्याआधी अर्ध्या तासात अर्धा लिटर पाणी प्यायचं. पाण्याने नुसती तहान भागत नाही, थोडा वेळ रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब टिकून राहतो. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. साखर तपासायला उपाशीपोटी जायचं असतं ना, म्हणून कित्येक जण रक्त द्यायलाही सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता येतात. कुणाचा चतुर्थीचा उपास असतो. मग मंडपातल्या उन्हात तासभर रांग. माझ्या मते आपल्याकडे चक्कर येण्याचे निम्मे प्रकार इथेच तयार होतात. हा माझा अंदाज, मोजमाप नव्हे. पोटभर नाश्ता करून जावं, इतकंच.

सुई जाड असते, हे मात्र खरं. खोटा धीर देण्यात अर्थ नाही. साध्या इंजेक्शनची सुई साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीची असते, ही दीड मिलिमीटरच्या वर. बारीक सुईतून रक्त ओढलं तर तांबड्या पेशी चेंगरून फुटतात, आणि प्रवाह रेंगाळला तर रक्त गोठायला लागतं. दुखतं ते कातडीत, कारण दुखणं कळवणारी टोकं तिथे दाट असतात. शीर गाठली की चिमटा ओसरतो. नंतर दंड काळानिळा होतो, तो बहुतेक वेळा आपल्याच चुकीने. कापूस ठेवून आपण कोपर दुमडून बसतो. त्यापेक्षा हात सरळ ठेवून कापूस बोटांनी दाबून धरावा. आणि रोग लागण्याचं भय तर साफ सोडून द्यावं. सुई पिशवीला जोडूनच येते, सीलबंद, एकाच वापराची. आपल्या अंगात बाहेरचं काही जात नाही.

"आपलं रक्त विकतात हो ते," हे वाक्य प्रत्येक शिबिरात एकदा तरी ऐकू येतं. पैसे घेऊन रक्त देणाऱ्या धंदेवाईक दात्यांची पद्धत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितलं. रक्तपेढी घेते तो पिशवीचा, साठवणीचा आणि तपासण्यांचा खर्च. एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी, गुप्तरोग आणि मलेरिया, एवढ्या चाचण्या प्रत्येक पिशवीच्या होतात. माझी तक्रार वेगळी आहे. 350 मिलिलिटरच्या पिशवीत 49 मिलिलिटर औषधी द्रव आधीच भरलेला असतो. तो रक्त गोठू देत नाही आणि पेशींना खाऊ पुरवतो, तरी ते टिकतं जेमतेम 35 दिवस. प्लेटलेट तर पाच दिवस. मग नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो पिशव्या, आणि मे महिन्यात सगळे गावाला गेले की शीतपेटीत खडखडाट. थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलाला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्याला मे काय आणि दिवाळी काय.

राहिला तो अशक्तपणाचा प्रश्न. सगळ्यांत जुना, आणि मला विचाराल तर सगळ्यांत शहाणा. 45 किलोच्या माणसाच्या अंगात तीन लिटरच्या वर रक्त असतं. त्यातलं 350 मिलिलिटर म्हणजे साधारण नववा हिस्सा. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो. तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. मूत्रपिंडाला प्राणवायूची तूट कळते, ते हाडांतल्या मगजाला निरोप धाडतं, आणि तिथे एरवीसुद्धा सेकंदाला वीसेक लाख पेशी घडत असतातच. तांबडी पेशी जगते 120 दिवस. म्हणजे काही न देतासुद्धा रोज आपलं तीसचाळीस मिलिलिटर रक्त मोडीत निघतं आणि तेवढंच नवं होतं. या हिशेबाने एक पिशवी म्हणजे आठ-दहा दिवसांची मोड.

मग काळजी कसली? लोहाची. पेशी घरातच मोडली की तिच्यातलं लोह शरीर जपून काढून घेतं आणि पुन्हा वापरतं, बोहाऱ्याला काही देत नाही. पिशवीतून मात्र ते घराबाहेर जातं. एका पिशवीतून साधारण 150 ते 175 मिलिग्रॅम. जेवणातून दिवसाला शोषलं जातं एक-दोन मिलिग्रॅम. बायकांच्या गाठीशी शिल्लकच मुळात 300 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि दर महिन्याची गळती वेगळी. म्हणून पुरुषांना पुन्हा द्यायला 90 दिवस थांबवतात आणि बायकांना 120. हिमोग्लोबिन वर आलं तरी लोहाची कोठी रिकामी असू शकते. लाल रंगावर भाळून बीट खाल्लं जातं, पण बिटाची लाली वेगळ्याच रंगद्रव्याची, तिचा लोहाशी संबंध नाही. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळावं, लोह चांगलं लागू पडतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र ते अडवतो. आणि शिबिरात रक्त दिल्याबरोबर हातात काय ठेवतात? चहा.

भाचीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पहिले आठ दिवस पोट बिघडलं म्हणून कुरकुर केली, मग नेटाने घेतल्या. चार महिन्यांनी मंडळाच्या शिबिरात ती स्वतःच म्हणाली, "चल रे मामा." पोहे खाऊन आली होती, पाण्याची बाटली वाटेतच संपवलेली.

निळ्या ग्लासात थेंब पडला आणि खड्यासारखा तळाला गेला. ती खाटेवर आडवी झाली, पायावर पाय टाकला, मांड्या आवळल्या. दंडाला पट्टा बांधताना सिस्टरनी विचारलं, "काय गं, थंडी वाजते का?" "नाही, हे आमच्या घरचं आहे," ती म्हणाली.

सुई आत जाताना ती टक लावून बघत होती. मी पंख्याकडे पाहत होतो.