सोसायटीत अग्निसुरक्षेचं प्रात्यक्षिक हवंय? अर्ज कुठे, कसा करायचा आणि सोबत काय जोडायचं

वर्दी आली की बंब घेऊन धावायचं, एवढंच अग्निशमन दलाचं काम असं बहुतेकांना वाटतं. पण मुंबई, पुणे, ठाणे यांसारख्या महापालिकांचे जवान सोसायट्या, शाळा, रुग्णालयं, कार्यालयं इथे जाऊन प्रात्यक्षिकंही देतात. त्यासाठी ओळख लागत नाही, अर्ज लागतो. सोसायटीची सचिव म्हणून मी हे काम केलं आहे, आणि प्रत्येक सोसायटीने ते करावं असं मला मनापासून वाटतं.

नोंदणीकृत सोसायटी, शाळा-कॉलेज, कंपनी, गणेशोत्सव मंडळ, महिला बचत गट, कोणीही अर्ज करू शकतं. एकट्या घरासाठी जवान बोलावता येत नाहीत, त्यामुळे लहान इमारत असेल तर शेजारच्या दोन-तीन इमारतींना सोबत घ्या. चाळीत सोसायटी नसली तर रहिवाशांच्या सह्यांचं पत्र द्या. एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन दल आहे. गावात राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीमार्फत जवळच्या नगरपरिषदेला किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला लिहावं.

अर्ज मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावे लिहायचा. तो देण्याआधी आपल्या हद्दीतल्या केंद्रात एकदा जाऊन या. तिथल्या केंद्र अधिकाऱ्यांशी पाच मिनिटं बोललात की अर्ज कुठे द्यायचा आणि कोणता वार मिळेल, हे कळतं. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक टाकलेली पोच मागून घ्या. पुढची सगळी चौकशी त्याच क्रमांकावर होते.

आता मजकूर. ‘आमच्या सोसायटीत मार्गदर्शन करावे ही विनंती’ एवढंच लिहिलंत तर भाषण मिळेल. काय शिकायचं आहे ते लिहा: अग्निशामक सिलिंडर रहिवाशांना स्वतः चालवायचा आहे, गॅसगळतीचं प्रात्यक्षिक हवं आहे, जिन्याने इमारत रिकामी करण्याची मॉक ड्रिल हवी आहे. मजले किती, जिने किती, होज रील (आग विझवायला भिंतीवर गुंडाळून ठेवलेला पाण्याचा पाइप) आहे का, अंदाजे किती माणसं येतील, अंथरुणाला खिळलेले किंवा व्हीलचेअरवरचे रहिवासी कोणत्या मजल्यावर आहेत, मोकळी जागा केवढी आहे, हे सगळं कळवा. दोन-तीन पर्यायी तारखा द्या, रविवार सकाळ उत्तम. घरकाम करणाऱ्या ताई आणि वॉचमन यांनाही बोलावणार आहोत, हे आवर्जून लिहा. दुपारी इमारतीत तेच असतात.

सोबत व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत, सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि संपर्कासाठी दोन जणांचे मोबाइल नंबर द्या. लेटरहेडवर अध्यक्ष-सचिवांची सही आणि शिक्का हवा. शाळेसाठी मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. इमारतीचा नकाशा जोडलात तर ड्रिल आखायला सोपं जातं. शुल्क प्रत्येक पालिकेत वेगळं असतं. ते असेल तर पालिकेत भरून पावती घ्या, कोणाच्या हातात रोख देऊ नका.

प्रात्यक्षिक झालं म्हणजे कायद्याची पूर्तता झाली, असा एक गैरसमज मला वारंवार भेटतो. तसं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावं लागतं. ते काम वेगळं. काही समित्या ‘जवान आले तर नोटीस देतील’ म्हणून अर्जच टाळतात. होज रीलला पाणी येत नसेल तर ते आग लागायच्या आधी कळलेलं बरं नाही का?

14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. त्या आठवड्यात मागणी खूप असते, म्हणून अर्ज मार्चच्या सुरुवातीलाच द्या.

आमच्याकडे जवानांनी लोखंडी ट्रेमध्ये आग पेटवली आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या हातात सिलिंडर दिला. काकूंनी दांडा जीव खाऊन दाबला, पण काही होईना. पिन काढायचीच राहिली होती. दुसऱ्या वेळी पिन निघाली, पण पावडर ज्वाळांच्या टोकावर उडाली आणि आग तशीच. ‘खाली, बुडाशी मारा,’ जवान म्हणाले, आणि क्षणात ट्रे काळा पडला. अर्ध्या मिनिटाच्या आत सिलिंडर रिकामा होतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. एवढ्या वेळात चुकायला जागा नसते.

कार्यक्रम चालू असताना वर्दी आली तर जवान निघून जातील, तेव्हा चिडू नका, पुढची तारीख मागा. उंच इमारतींसाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेत पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी ड्रिल सांगितली आहे, म्हणून हजेरीपट आणि फोटो फाइलला लावून ठेवा. सोसायटीचे सिलिंडर सरावात वापरले असतील तर ते लगेच रिफिलला पाठवा. थोडीच पावडर उडाली असली तरी तो सिलिंडर परत भिंतीवर टांगू नका.