मज्जारज्जूची इजा आणि पुरुषाची प्रजननक्षमता

मज्जारज्जूला इजा झालेल्या बहुतेक पुरुषांना उपचारांच्या मदतीशिवाय मूल होत नाही. लिंगाला पुरेशी ताठरता न येणे, वीर्यस्खलन न होणे आणि वीर्याची प्रत खालावणे ही त्याची तीन कारणे. पहिल्या दोघांबद्दल रुग्ण निदान विचारतो तरी. तिसऱ्याचे मूळ वृषणांत नसून पुरःस्थ ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट आणि तिच्यामागची शुक्राशये यांत आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या कानावर पडते. भारतात ही इजा प्रामुख्याने रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणे यांमुळे होते. कुणी झाडावरून पडतो, कुणी विहिरीत, कुणी बांधकामाच्या परांचीवरून. यांत तरुण पुरुषच जास्त, आणि अनेकांचे मूल व्हायचे राहिलेले असते. ‘आता संसार संपला’ असे त्यांना सांगणे चुकीचे आहे, आणि क्रूरही.

वीर्यात शुक्राणूंचा वाटा आकारमानाने अगदी थोडा असतो. सुमारे दोन-तृतीयांश द्रव शुक्राशयांतून येतो आणि पाव हिस्सा किंवा थोडा अधिक पुरःस्थ ग्रंथीतून. या ग्रंथीच्या स्रावात जस्त आणि सायट्रेट असते. घट्ट झालेले वीर्य पुन्हा पातळ करणारे पीएसए हे विकरही (एन्झाइम) तिचेच. स्खलन दोन टप्प्यांत होते. आधी मज्जारज्जूच्या छातीच्या दहाव्या ते कमरेच्या दुसऱ्या खंडातून निघणाऱ्या अनुकंपी चेता (आपोआप काम करणाऱ्या नसा) पुरःस्थ ग्रंथी आणि शुक्राशये आकुंचित करतात व मूत्राशयाचे तोंड मिटवतात. मग त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडाच्या भागातील, दुसऱ्या ते चौथ्या खंडातील चेतांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू झटक्यांनी वीर्य बाहेर टाकतात. मूत्राशयाचे तोंड मिटले नाही, तर वीर्य उलटे मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीत सापडते.

इजा छातीच्या दहाव्या खंडाच्या वर असेल, तर मेंदूशी संबंध तुटूनही खालचे प्रतिक्षिप्त मंडल, म्हणजे मेंदूविना आपोआप प्रतिसाद देणारी चेतांची साखळी, शाबूत राहते. कंपनाचा उपाय याच आधारावर चालतो. तळपायाला ओरखडले की मांडी आपोआप वर ओढली जाते का, हे डॉक्टर आधी पाहतात. जात असेल तर यशाची शक्यता चांगली. सुमारे २.५ मिलिमीटर हेलकाव्याने, सेकंदाला १०० वेळा थरथरणारी छोटी चकती लिंगाच्या टोकाच्या खालच्या बाजूला धरतात. थोड्या वेळात पोटाचे स्नायू आवळतात, पाय ताठ होतात आणि वीर्य कपात पडते. वरच्या इजांत हा उपाय दहापैकी आठांहून अधिक पुरुषांत यशस्वी होतो, खालच्या इजांत क्वचितच. तो जमला नाही तर गुदद्वारातून सळई घालून पुरःस्थ ग्रंथी व शुक्राशयांच्या चेतांना सौम्य विद्युत झटके देतात. खालच्या भागात संवेदना शिल्लक असेल, तर त्यासाठी भूल द्यावी लागते.

छातीच्या सहाव्या खंडाच्या किंवा त्याहून वरच्या इजेत एक धोका कायम असतो. अशा उत्तेजनाने रक्तदाब एकाएकी फार चढतो, डोके ठणकते, चेहरा घामाने डबडबतो. प्रसंगी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पहिला प्रयत्न दवाखान्यातच, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून आणि गरज पडल्यास आधी निफेडिपिन हे रक्तदाब उतरवणारे औषध देऊन करतात. या पुरुषांनी घरी परस्पर प्रयोग करू नये.

हा मार्ग सहज सापडलेला नाही. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात निओस्टिग्मिन टोचून स्खलन घडवले, पण त्या औषधाचे धोके मोठे होते. विजेचा उपाय आधी जनावरांवर वापरला गेला: १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर. पुढे १९४८ मध्ये पक्षाघात झालेल्या पुरुषांवरील वापराची नोंद झाली.

कपात आलेले वीर्य पुष्कळदा रंगानेच वेगळे असते. काही पुरुषांत ते तपकिरी दिसते. शुक्राणूंची संख्या सहसा पुरेशी असते, पण बहुतेक निपचित, हालचाल थोड्यांचीच. त्याच पुरुषांच्या शुक्रवाहिनीतून, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीच्या आणि शुक्राशयांच्या द्रवात मिसळण्याआधी, शुक्राणू काढले तर ते कितीतरी अधिक चपळ असतात. शिवाय या वीर्याचा द्रव निरोगी पुरुषाच्या शुक्राणूंत मिसळला, की तेही मंदावतात. दोष द्रवात आहे हे यावरून स्पष्ट होते. त्या द्रवात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात आणि दाह भडकवणारी सायटोकाइन्स ही पेशींनी सोडलेली रसायने भरपूर असतात. चेतांचा ताबा सुटल्यावर या ग्रंथींचे कार्य बिघडते. चाकाच्या खुर्चीत बसून वृषणे तापतात, स्खलन क्वचित होते, अशी कारणे पूर्वी पुढे केली जात. त्यांनी सगळा उलगडा होत नाही. प्रत इजेनंतर काही आठवड्यांतच घसरते. पुढे वर्षे उलटली म्हणून ती आणखी ढासळत जाते असे आढळत नाही. म्हणून दहा वर्षांपूर्वी इजा झालेल्या पुरुषानेही तपासणी करून घ्यावी.

लघवीसाठी घातलेली नळी आणि वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे पुरःस्थ ग्रंथीला सूज येऊ शकते व रक्तातील पीएसए वाढू शकते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या तपासणीतही पीएसएच मोजतात, पण अशा वेळी वाढलेला आकडा पाहून लगेच कर्करोगाची धास्ती घेऊ नये. संसर्ग बरा झाल्यावर चाचणी पुन्हा करावी.

मिळालेल्या वीर्यातील हलते शुक्राणू पुरेसे असतील, तर डॉक्टरांनी सुरक्षित ठरवलेली जोडपी घरीच बिनसुईच्या सिरिंजने ते योनीत सोडू शकतात. त्यापुढची पायरी गर्भाशयात वीर्य सोडण्याची, मग टेस्टट्यूब बेबीची. १९९२ पासून एकच शुक्राणू थेट बीजांडात टोचता येऊ लागल्याने अगदी कमी शुक्राणूंवरही मूल होणे शक्य झाले. मात्र कंपनाचे यंत्र नसलेल्या केंद्रात जोडप्याला थेट वृषणातून शुक्राणू काढण्याचा सल्ला मिळू शकतो. असे शुक्राणू थोडे व अपक्व असल्याने बीजांडात टोचण्यावाचून पर्याय उरत नाही. त्यासाठी बायकोला हार्मोनची इंजेक्शने रोज घ्यावी लागतात, बीजांडे काढून घ्यावी लागतात आणि खर्च लाखांत जातो. तेव्हा शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी कंपनाचा आणि विजेचा उपाय करून पाहिला आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.