पाण्याचा मुक्काम

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला आणि पुढे चोर्ला घाटाकडे जाताना जंगलाच्या मधूनमधून जांभ्या दगडाचे उघडे, सपाट माळ लागतात. त्यांना सडा म्हणतात. मे महिन्यात सड्यावर उभे राहिले, तर पायाखाली तापलेल्या खडबडीत दगडाशिवाय काही दिसत नाही. त्या दगडात कुठे ताटाएवढे, कुठे परातीएवढे, तर कुठे एखाद्या खोलीएवढे उथळ खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी बोटभर जाडीची, भेगाळलेली माती असते. जूनमध्ये पाऊस लागला की हे खळगे भरतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गुडघे टेकून पाण्यात नीट पाहिले, तर नखाएवढे, जवळजवळ काचेसारखे आरपार दिसणारे जीव पाठीवर उताणे होऊन पोहताना आढळतात. त्यांना फेअरी श्रिंप म्हणतात. ते झिंग्यांचे दूरचे नातलग आहेत. पंधरा दिवसांपूर्वी येथे थेंबभर पाणी नव्हते, जवळ ओढा नाही की तळे नाही. तरीही ते येथे आहेत.

ते बाहेरून आलेले नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या आयांनी घातलेली अंडी त्या बोटभर मातीतच पडून होती. या अंड्यांचे कवच इतके चिवट असते आणि आतील जीवाचा कारभार इतका मंदावलेला असतो की ऊन, वारा, कोरडेपणा हे सारे सोसून ती कित्येक वर्षे टिकतात. पाणी मिळाले की त्यांतील काही अंडी उमलतात. सगळी एकदम उमलत नाहीत, हे विशेष आहे. जूनच्या पहिल्या सरीनंतर पावसाने पंधरा दिवस दडी मारली, तर उमललेले सारे जीव अंडी घालण्याआधीच मरतील. पण मागे राहिलेली अंडी पुढच्या पावसासाठी शिल्लक असतील. आपल्याकडचा शेतकरीही घरातले सगळे बियाणे पहिल्याच पेरणीला संपवत नाही.

येथे महत्त्वाचे ठरते ते पाणी किती दिवस थांबते हे. पाणी आहे की नाही, एवढ्याने तेथे कोण राहू शकेल ते कळत नाही. सोयीसाठी आपण याला पाण्याचा मुक्काम म्हणू. सड्यावरच्या खळग्यात तो काही आठवड्यांचा, भाताच्या शेतात तीन-चार महिन्यांचा, तर विहिरीत बारमाही असतो. आणि प्रत्येक ठिकाणचे रहिवासी त्या मुक्कामाच्या हिशेबाने आपले आयुष्य बेततात.

बेडकांकडे पाहू. आपल्या शिवारातला मोठा बेडूक पहिल्या जोरदार पावसात जमिनीतून वर येतो. त्या दिवसांत नराचा रंग पिवळाधमक होतो, गळ्याखालच्या निळ्या पिशव्या फुगतात आणि त्याची हाक दूरच्या वस्तीपर्यंत ऐकू जाते. मादी अंडी घालते आणि साधारण महिना-दीड महिन्यात डिंभकाचा बेडूक होतो. डिंभक म्हणजे बेडकाचे शेपटीवाले पिल्लू. त्याला कल्ले असतात आणि चालायला पाय नसतात, म्हणून डबके आटण्याआधी त्याला फुप्फुसे आणि पाय आले नाहीत तर तो संपलाच. काही जातींचे डिंभक पाणी कमी होऊ लागले की वाढीचा वेग वाढवतात आणि आकाराने लहान राहिले तरी चालेल, पण वेळेत बाहेर पडतात. मोठ्या बेडकाचे डिंभक तर एकमेकांनाही खातात. लहानपणी मी असे आठ-दहा डिंभक बरणीत घालून घरी आणले होते आणि वरून झाकण घट्ट लावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत दोनच उरले होते आणि तेही पृष्ठभागाशी तोंड लावून धडपडत होते.

ती धडपड कशासाठी होती, हे मला फार पुढे कळले. एक लिटर हवेत साधारण २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. पाणी तापले की तोही कमी होतो. शिवाय स्थिर पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. म्हणून साठलेल्या, उबदार पाण्यात राहणाऱ्या प्रत्येक जीवाला श्वासाची काही ना काही युक्ती करावीच लागते. उलट गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, तेव्हा पाण्यात हवा आपोआप घुसळली जाते. तेथे ऑक्सिजनची ददात नाही, पण वाहून जाण्याची भीती आहे. तो विषय वेगळा आहे.

पुन्हा सड्यावर येऊ. श्रावण-भाद्रपदात तेथे निळसर-जांभळ्या बारीक फुलांचा गालिचा पसरतो. या फुलांना सीतेची आसवे असे सुंदर नाव आहे, पण वनस्पती मात्र शिकारी आहे. सड्यावरच्या पातळ मातीत नायट्रोजन फारसा नसतो, म्हणून ती आपल्या जमिनीखालच्या भागांवर मोहरीच्या दाण्याहूनही लहान फुगे धरते. फुग्यातले पाणी बाहेर टाकून ती आत पोकळी तयार ठेवते. एखादा सूक्ष्म जीव दाराशी आला की दार आत उघडते आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत पाण्यासकट तो आत ओढला जातो. माती पाण्याने भिजलेली असेल तरच हा सापळा चालतो, त्यामुळे या वनस्पतीचे दिवसही पाण्याच्या मुक्कामाएवढेच असतात.

याच परिसरात ओल्या मातीत देवगांडूळ राहतो. नावात गांडूळ असले तरी तो बेडकाचा दूरचा नातलग, पाय नसलेला उभयचर आहे. २००७ साली चोर्ला येथून देवगांडुळाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि तिला म्हादई नदीचे नाव दिले. ही म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावून पश्चिमेला गोव्याकडे जाते, तर थोड्याच अंतरावर कणकुंबीला माउली मंदिराजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. एका सड्याच्या या अंगावर पडलेली सर अरबी समुद्राला जाते आणि त्या अंगावरची बंगालच्या उपसागराला.

जांभा दगड हातात घेतला तर जाळीसारखा भोके पडलेला दिसतो. मग सड्यावर पाणी थांबते कसे, असे कोणी विचारील. हा दगड लाखो वर्षांच्या पावसाने घडला आहे. पाण्याने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली. त्याचा तांबडा रंग लोहाचा. वरचा थर उघड्यावर कडक होतो आणि खळग्यांच्या तळाशी चिकण माती बसून भोके बुजतात, म्हणून तेथे पाणी अडते. उरलेले पाणी दगडात मुरते, सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते आणि विहिरींना लागते. वरचे पाणी महिन्या-दोन महिन्यांत संपते, तर आत मुरलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरते.

आता शेतात उतरू. बेळगाव-खानापूरकडे बऱ्याच ठिकाणी भाताची धूळवाफ पेरणी होते, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच बी पेरतात, आणि मग पावसाबरोबर शेत भरत जाते. याच तालुक्यांत तांबड्या मातीच्या माळावर रताळ्याचे वेल असतात, पण ते लावताना माती ओढून उंच वरंबे करतात. भात पाण्यात उभे आणि रताळे पाण्याच्या वर, असे का? शेतात पाणी साठले की मातीतले सूक्ष्मजीव एक-दोन दिवसांत तेथला ऑक्सिजन संपवतात. रताळ्याच्या मुळांना मग श्वास मिळत नाही आणि ती कुजतात. भाताची गोष्ट निराळी आहे. भाताचे ताजे मूळ किंवा पानाचा देठाकडचा भाग ब्लेडने आडवा कापून भिंगाखाली पाहा. त्यात लहान लहान पोकळ्या दिसतील. या पोकळ्यांतून पानांकडची हवा थेट मुळांच्या टोकापर्यंत पोचते. जणू चिखलात उतरलेल्या पाणबुड्याने तोंडात नळी धरली आहे. चिखलात पाय रोवल्यावर जे बुडबुडे येतात ते मात्र या हवेचे नसतात. ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव चिखलात मिथेन वायू तयार करतात, त्याचे ते असतात.

तीन-चार महिने पाणी उभे राहिले की शेतात खळग्यापेक्षा कितीतरी मोठी वस्ती होते. बांधात खेकड्याची बिळे होतात. समुद्रातल्या खेकड्याची पिल्ले आधी पाण्यात तरंगत वाढतात आणि मग खेकड्याचे रूप घेतात, पण गोड्या पाण्यातल्या खेकड्याला तेवढा वेळ नाही आणि वाहत्या पाण्यात तरंगणे परवडणारही नाही. म्हणून मादी मोजकी, मोठी अंडी पोटाच्या घडीखाली सांभाळते आणि त्यांतून थेट चिमुकले खेकडेच बाहेर पडतात. पुढेही काही दिवस ते आईच्या पोटाखालीच असतात. ओढ्याला पूर आला की मरळ मासा भाताच्या चिखलात चढतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा धरणारी पोकळी असल्यामुळे तो मधूनमधून वर येऊन सरळ हवेतूनच श्वास घेतो. या माशांमागे, बेडकांमागे आणि किड्यांमागे बगळे येतात.

मात्र मुक्काम लांबला तर भातालाही तो सोसत नाही. बेळगाव शहराच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, येळ्ळूर या शिवारांत बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात पसरते. नाल्यात गाळ आणि जलपर्णी साचलेली असली की ते लवकर ओसरत नाही. रोपाचा शेंडा पाण्याबाहेर असेल तोवर हवेची नळी चालू राहते. रोप पूर्ण बुडाले की ते घाईने उंच वाढून पाण्याबाहेर डोके काढू पाहते आणि त्या धडपडीत आपली साठवलेली साखर संपवून बसते. आठवडाभरात बहुतेक वाण मान टाकतात. ओडिशातल्या एका जुन्या वाणात मात्र वेगळाच स्वभाव आढळला. बुडाल्यावर तो वाढ थांबवतो, साखर राखून ठेवतो आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटतो. यामागचे जनुक २००६ साली ओळखले गेले आणि ते आणलेला स्वर्णा-सब१ हा वाण २००९ पासून भारतात लावला जाऊ लागला. तो दोन आठवडे बुडून राहू शकतो. म्हणजे एका जनुकाने मुक्कामाची मर्यादा एका आठवड्यावरून दोन आठवड्यांवर नेली. बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्याला एका आठवड्याची किंमत सांगावी लागत नाही.

विहिरीचे पाणी बारमाही असते. बेळगावात जांभ्यात खोदलेल्या विहिरी जागोजागी आहेत. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाण्यासाठी खोदलेली टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आजही पाहता येते. जुलै-ऑगस्टमध्ये अशा विहिरींचे पाणी वर चढते आणि मे महिन्यात तळ गाठते, पण पूर्ण आटत नसल्यामुळे तेथे मासे आणि कासवे वर्षानुवर्षे राहू शकतात.

मासे आहेत म्हणून तेथे डासांना फारसा थारा नाही. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत उबदार पाण्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात. एवढ्या कमी मुक्कामात मासा किंवा चतुर तेथे पोचून मोठा होऊ शकत नाही, हीच डासाची सोय आहे. ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे घरोघरी भरून ठेवलेली पिंपे, हौद आणि कुंड्यांखालच्या ताटल्या म्हणजे डासाच्या मापाचे सडेच होत. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते ते याच हिशेबाने. सात दिवसांनी भांडे रिकामे करून घासले की आठव्या-दहाव्या दिवशी उडणारा डास जन्मालाच येत नाही. घासणेही आवश्यक आहे, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि फेअरी श्रिंपच्या अंड्यांसारखीच, पण वर्षांऐवजी काही महिने, कोरडी राहूनही टिकतात.

पूर्वेकडे अथणीकडे गेले तर हे सगळे गणित बदलते. कणकुंबी ते अथणी हे अंतर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर, पण कणकुंबीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर अथणीला ५०० ते ६००. तेथे काळी माती पाणी धरून ठेवते आणि हंगाम संपल्यावरही त्या ओलीवर ज्वारी उभी राहते.

ऑक्टोबर उजाडला की सड्यावरचे उरलेसुरले खळगेही आटू लागतात. उताणे पोहणारे जीव तोवर मरून गेलेले असतात. भिंग घेऊन तळाची माती चाळली, तर रव्याच्या कणाहून लहान, गोल, तपकिरी अंडी तीत सापडतात. त्याच सुमारास भाताच्या शिवारावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे फिरत असतात. ही जात तात्पुरत्या पाण्यातच अंडी घालते आणि तिची पिल्ले दीड-दोन महिन्यांत उडण्याजोगी होतात. ऑक्टोबरमध्येच हे चतुर गोडे पाणी जवळजवळ नसलेल्या मालदीव बेटांवर हजारोंच्या संख्येने कसे येतात, याचा तेथे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. २००९ मध्ये त्यांनी असे मांडले की हे चतुर भारतातून निघून परतीच्या वाऱ्यांवर स्वार होतात आणि समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, कारण तेव्हा पाऊस तिकडे सुरू होत असतो. अंडी मातीत दडून पुढच्या जूनची वाट पाहतात, तर चतुर पाण्याच्या मागे निघून जातो.