‘उंदरांवर यशस्वी’ झालेलं औषध दुकानात का मिळत नाही?
कंपवाताची (पार्किन्सनची) औषधं आमच्याकडून नेणाऱ्या ग्राहकांसाठी

बातमीचं कात्रण किंवा मोबाइलवरचा मेसेज दाखवून ग्राहक विचारतात, ‘हे नवं औषध कधी येणार?’ त्यामागची आशा आम्हाला कळते, म्हणून नीट सांगतो.

तुम्ही नेता त्या लेव्होडोपाची सुरुवातही प्राण्यांपासूनच झाली. १९५७ साली स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. हे सर्पगंधेतलं द्रव्य; सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला होता. रेसर्पिनमुळे ससे निपचित पडले, लेव्होडोपा टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

पण उंदरा-माकडांना कंपवात आपणहून होत नाही, तो घडवावा लागतो. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण नशेसाठी घेतलेल्या बनावट हेरॉइनमुळे एकाएकी ताठरले. त्यात एमपीटीपी हे रसायन निघालं. पुढच्याच वर्षी ते माकडांना देऊन तशीच लक्षणं आणता आली. अशाच माकडांवरच्या १९९० च्या प्रयोगाने मेंदूत नेमकं कुठे उपचार करायचे ते दिसलं. आजच्या डीबीएस शस्त्रक्रियेला (मेंदूत बारीक तार बसवून सौम्य वीज देतात ती) त्याचा मोठा आधार मिळाला.

म्हणजे लक्षणं कमी करणारे उपाय शोधायला हे प्रयोग फार उपयोगी. आजार थांबवणाऱ्या औषधांचं मात्र तसं नाही. प्राण्यात विषाने पेशी काही दिवसांत मरतात, माणसात वर्षानुवर्षं हळूहळू. इस्राडिपिन हे रक्तदाबाचं औषध २००७ मध्ये उंदरांच्या मेंदूपेशी वाचवताना दिसलं. मग ३३६ रुग्णांना तीन वर्षं ते किंवा तशीच दिसणारी निरौषध गोळी दिली. २०२० मध्ये निकाल आला: काहीच फरक नाही. अशी बातमी वाचून रक्तदाबाची गोळी मागायला कृपया येऊ नका.

बातमीत आधी बघा, प्रयोग माणसांवर झालाय का? आणि नव्या औषधाच्या आशेने चालू गोळ्या कधीही एकदम बंद करू नका. तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. बदल डॉक्टरांना विचारूनच.

भारतातल्या मानवी चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येते. ते इंग्रजीत आहे. अडलं तर दुपारी, गर्दी नसताना या. सोबत बसून शोधू.